नाचाच्या गाण्यातला शंख

सोमवार, ४ सप्टेंबर

ज्याच्या कृपेने प्राण देहात वसतो आणि ज्याच्या आज्ञेने तो परत जातो, त्या प्रभूला प्रथम वंदन. त्याचा आधार नसता तर आज हे पान लिहिण्याइतके चित्त स्थिर झाले नसते.

आता जे घडले ते.

दुपारचे दोन वाजले असतील. जेवण होऊन चटईवर आडवा झालो होतो. शंख वाजला. एक लांब, दुसरा लांब, तिसरा किंचित थरथरता. अवेळी शंख म्हणजे गावात मृत्यू, नाही तर समुद्रावर वादळ. उठलो. गुडघे टेकले. 'हे स्वर्गीय पित्या, ज्याला तू आज बोलावलेस त्याला—' इथवर आलो, आणि ढम्म! ढम्म! ढम्म! पाठोपाठ बाईचा आवाज — 'ओसो! ओसो!' उडी मार, उडी मार!

मी गुडघ्यांवर होतो. हे मी विसरणार नाही.

बाहेर पाहतो तो समोर मुलिआंगाच्या घरात सगळे कुटुंब प्रार्थनेला वाकलेले. प्रार्थनेच्या वेळी रस्ता अडवणारे पहाऱ्याचे तरुण लुंग्या सावरीत रस्त्यावर धावले होते आणि काठ्या आडव्या धरून त्यांनी पाळकसाहेबांची गाडी अडवली होती. साहेब डोके बाहेर काढून ओरडत होते, 'अरे, कोण गेलं? मला कुणी कसं कळवलं नाही?' कोणीच गेले नव्हते. सालेलोलोंगाच्या बंदरावरून आलेली बस नारळाच्या करंड्या उतरवायला थांबली होती आणि तिच्या कर्ण्यातून ते गाणे वाजत होते, इतकेच.

नात लोसा हसत हसत धावत आली. 'आजोबा, तिनोचं नवं गाणं! शंख तुमचाच आहे की! ओळखला नाही?'

ओळखला. तिसऱ्या फुंकेला माझा श्वास नेहमीच थरथरत असे. एक्केचाळीस वर्षे गावाची संध्याकाळ मी त्या तीन फुंकांनी थांबवली. मागल्या वर्षी छातीचा आजार झाला, एक फुप्फुस निकामी झाले. तेव्हापासून मुले गॅसची रिकामी टाकी लोखंडाने बडवतात आणि गाव तेवढ्यावर प्रार्थनेला बसते.

फुआतिनो — जग तिला आता नुसते तिनो म्हणते — दोन वर्षांपूर्वी नाताळात आली होती. याच पायऱ्यांवर बसली होती, मांडीवर छोटे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन. 'गुरुजी, सिडनीत संध्याकाळ होते, पण कुणी थांबत नाही. मला तुमचा शंख द्या. एकटी असले की ऐकेन.' मी सात वेळा फुंकला, मनासारखा उमटेपर्यंत.

प्रार्थनेसाठी दिला होता. प्रार्थनेसाठी!

मंगळवार, ५ सप्टेंबर

जेवण गेले नाही. पत्नी अकेनेसेने अळूच्या पानांची पालुसामी केली होती, नारळाचे दूध अगदी दाट. दोन घास खाऊन हात धुतला. एरवी माझ्या पानात काही उरले की ही बोलते. आज बोलली नाही.

बुधवार, ६ सप्टेंबर

न ऐकता न्याय देणे शास्त्राला मान्य नाही. म्हणून लोसाला म्हणालो, सगळा अल्बम लाव. पहिल्यापासून.

मी कोणी परका टीकाकार नाही, हे लिहून ठेवतो. तिचे आधीचे पाचही अल्बम माझ्या कपाटात शास्त्रग्रंथांच्या खालच्याच फळीवर आहेत. सहा वर्षांची होती तेव्हा बालकांच्या रविवारी वचन म्हणता म्हणता विसरली, आणि न रडता तीच चाल गुणगुणत राहिली, शब्द परत येईपर्यंत. मंडळी हसली. मी हसलो नाही. मला कळले की ही गाणार. पुढे अकरा वर्षे तिला एकच धडा दिला: शब्द आधी, सूर मागून. तिच्या जुन्या गाण्यांत प्रत्येक शब्द असा उभा असतो, जसा उपासनेला आलेला माणूस, धुतलेल्या कपड्यांत.

आणि हे! नऊ गाणी.

पहिले — बोटीचे इंजिन सुरू करून नावाडी उतरून गेला आहे. पाच मिनिटे नुसती घरघर.

दुसरे — तिचा आवाज कसल्याशा यंत्रातून काढला आहे. नारळाचा तोच कीस तिसऱ्यांदा पिळला की जे पाणी निघते, ते.

तिसरे चांगले आहे. खोटे कशाला लिहू? लाकडी ढोल खरा आहे, आपल्या पद्धतीने दोन काठ्यांनी वाजवलेला, आणि ठेका जिथे क्षणभर थांबतो तिथेच ती श्वास घेते. हे तिला मी शिकवले.

चौथ्याला माझा उजवा पाय हलला. मी गुडघ्यावर हात दाबून धरला. लोसाने पाहिलेच. 'आजोबा, पाय!'

'मुंग्या आल्या.'

'ठेक्यात आल्या वाटतं!'

हे असत्य भाषण प्रभू क्षमा करो.

पाचव्यात एकूण शब्द चार. सहावे ते — शंखाचे. सातवे आणि आठवे मला वेगळे सांगता येणार नाहीत; लोसा म्हणते वेगळी आहेत. नवव्यापर्यंत बसलो ते एवढ्या आशेवर, की शेवटी तरी एक संथ गीत ठेवले असेल. उपासना कितीही लांबली तरी शेवटचे गीत संथ असते. नव्हते. ढम्म, आणि संपले.

लोसाशी वाद झाला. 'आजोबा, तुम्ही तिथलं पाहिलेलं नाही. मैदानात पाच हजार माणसं नाचत असतात. शंख वाजला की सगळी एकदम खाली बसतात. टाचणी पडली तर ऐकू येईल!'

'बसून काय करतात?'

'वाट बघतात.'

'कोणाची?'

'कोणाची म्हणजे? ठेक्याची!'

'हेच म्हणतो मी,' मी म्हणालो.

शास्त्रातल्या संदेष्ट्याला जे दुःख झाले ते आज नीट समजले. मंदिरात गोंगाट शिरला याचे त्याला तितके नव्हते. गोंगाट करणारे आपलेच होते, याचे होते.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

तिचा फोन आला. लोसाने माझ्या हातात दिला आणि निघून गेली.

'गुरुजी, जेवलात?'

'शंख तू कोणाला विचारून त्या गाण्यात घातलास?'

पलीकडे वाजणारे संगीत तिने बंद केले.

'चूक माझी आहे, गुरुजी.'

'मी हे विचारलं नाही.'

'काकू कशा आहेत?'

'फुआतिनो!'

'तुम्हाला आधी मी स्वतः ऐकवायला हवं होतं. माझंच चुकलं. रागवा माझ्यावर. पण छाती सांभाळा.'

छाती सांभाळा! बाजू मांडायला तिच्याजवळ एक वाक्य नव्हते. मी फोन खाली ठेवला तेव्हा अकेनेसे नारळ खोवायचे सोडून माझ्याकडे पाहत होती. 'काय म्हणाली?' 'कबूल झाली,' मी म्हणालो. ती पुन्हा खोवू लागली. करवंटी संपली तरी खोवतच होती.

रविवार, १० सप्टेंबर

उपासनेनंतरच्या जेवणाला पाळकसाहेबांकडे सगळे वडीलजन होते. भट्टीतले डुक्कर, तारोचे कंद, मासे. बोलणे अर्थात तिच्यावरच. मी म्हणालो, पवित्र पात्रात मद्य ओतणाऱ्या राजाच्या भिंतीवर कोणत्या हाताने त्याचा नाश लिहिला ते स्मरा. साहेबांनी मान हलवली. दुसऱ्यांदा वाढून घेतले.

घरी येताना अकेनेसे म्हणाली, 'अहो, प्रभूच्या कराराच्या पेटीपुढे एक राजा लुंगी सुटेस्तोवर नाचला, हे मुलांना कोण शिकवतं?'

'मी.'

'आणि खिडकीतून बघून नाक मुरडणारी ती राणी? तिची कूस शेवटपर्यंत रिकामी राहिली, असंच सांगता ना तुम्ही?'

'तो राजा प्रभूसाठी नाचला!'

'ही कोणासाठी नाचते, ते कधी विचारलंत?'

'विचारायला काय हवं? पाच हजार लोक ठेक्याची वाट बघतात तिथे—'

'बरं, बरं. हळू चला. धाप लागतेय तुम्हाला.'

पन्नास वर्षे वाद घातला या बाईने माझ्याशी, आणि प्रत्येक वेळी शेवटपर्यंत घातला. आज अर्ध्यावर सोडून दिला. म्हणजे तिलाही माझे म्हणणे पटले असावे.

सोमवार, ११ सप्टेंबर

गावची सभा. रीतीप्रमाणे सगळ्यांचे कावा पेय पिऊन झाले. मी उठलो. हातात गावच्या वक्त्याची काठी, खांद्यावर काथ्याची चवरी. छातीत बळ नव्हते, पण शब्दांनी ते मागितले नाही. ते आपोआप आले. पूर्वजांना वंदन, मानाची पदवी धारण करणाऱ्या कुटुंबप्रमुखांना वंदन, मग विषय. मागितल्या दोन गोष्टी: ते गाणे गावाच्या हद्दीत वाजू नये, आणि जिने गावाची प्रार्थना नाचणाऱ्यांना विकली तिने हद्दीत पाऊल ठेवू नये.

मग मुख्य पदवीधारक म्हणून मुलिआंगा बोलला, हळूच, जणू घरी बोलावे तसा.

'वाएलुआ, तेवीस तारखेला तिच्या आईच्या थडग्यावरचं कापड काढायचंय. दगड आलाय, नाव कोरून झालंय. एकुलती एक पोर. त्या दिवशी तरी?'

मला क्षणभर तिची आई दिसली. चर्चच्या मागच्या बाकावर बसायची, पोरीचे गाणे सुरू झाले की डोळे मिटून.

'त्या दिवशीही नाही,' मी म्हणालो.

शब्द पडला. वक्त्याचा शब्द सभेत पडला की तो वक्त्याचा राहत नाही, गावाचा होतो. तो माघारी वळवावा लागला तर लाज सगळ्या गावाची. म्हणून मुलिआंगाने पुढे एकही प्रश्न केला नाही. ठराव झाला.

घरी येऊन सांगितले. अकेनेसे उठून मागीलदारी गेली.

बुधवार, १३ सप्टेंबर

दोनची बस आली. हद्दीच्या दगडाशी चालकाने गाणे बंद केले. बस माझ्या घरासमोरून मुकी गेली, खिडक्यांतली सगळी तोंडे माझ्याकडे वळलेली. न्याय मिळाला.

शनिवार, १६ सप्टेंबर

लोसा साखरेवाचून कोको देते. मी पितो.

आज तोंड उघडले तिने, ते निरोप सांगायला. फुआतिनो येते आहे. गावात पाऊल ठेवणार नाही. पुलापलीकडे मावशीकडे उतरेल. तिथल्या ओट्यावरून आपली दफनभूमी दिसते. म्हणाली आहे, 'तुम्ही कापड काढा. मला तिथून दिसेल.'

'सभेचा मान ठेवते आहे,' मी म्हणालो.

'हो ना,' लोसा म्हणाली. 'कुणीतरी ठेवायलाच हवा कुणाचातरी.'

बावीस वर्षांच्या मुलीने आजोबांना असे बोलावे! कोको संपवून कप तिच्या हाती दिला.

मंगळवार, १९ सप्टेंबर

घरी कोणी नसताना सहावे गाणे लावले. लोसाने फोनवर कुठे बोट ठेवायचे ते मागेच दाखवले होते.

हे फक्त या पानासाठी. मला आता चर्चच्या चार पायऱ्या एका दमात चढवत नाहीत. स्तोत्राची ओळ मध्ये तोडावी लागते. आणि तिथे, त्या गाण्यात, मी अजून पूर्ण श्वास घेतो. पहिली फुंक अकरा सेकंद टिकते, घड्याळ लावून पाहिले. माझी छाती तिथे धड आहे, आणि तिच्यावर अनोळखी माणसे उड्या मारतात.

म्हणजे राग फक्त प्रार्थनेसाठी होता असे मला आता शपथेवर म्हणता येणार नाही. माझ्याजवळ जे उरले नाही ते तिने मला न विचारता वाटून टाकले. गायिकेने फसवले असते तर मी अल्बम बंद केला असता, झाले. ही माझी होती.

तीनदा ऐकले.

गुरुवार, २१ सप्टेंबर

अकेनेसे दोन दिवस नीट जेवलेली नाही. विचारले तर म्हणे दात दुखतो.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

उद्याची तयारी. दफनभूमीतले गवत काढून झाले, दगडावर पांढरे कापड बांधले. स्त्रियांच्या मंडळाने फुलांच्या माळा केल्या. मी उद्या बोलायचे भाषण पाठ केले. मृत बाईचे गुण, तिची नम्रता, तिची मुलगी — तिथे थांबलो. मुलीचे नाव गाळून वाक्य पुन्हा रचले. नीट बसेना.

चर्चच्या फाटकापाशी मुलिआंगा भेटला. आम्ही दोघे एकाच वर्षी जन्मलो, एकाच झाडावरून पडलो.

'अजून वेळ आहे, वाएलुआ.'

'सभा भरल्याशिवाय ठराव बदलत नाही.'

'सभा म्हणजे कोण रे? तू, मी आणि कावाचं पातेलं!'

'शब्द मी दिला आहे.'

'म्हणून तर तुझ्याशी बोलतोय. पातेल्याशी बोललो असतो नाही तर.'

हसू आले नाही. म्हणालो, 'तिनं एकदा तरी स्वतःची बाजू मांडली असती तर मी विचार केला असता. तिच्याजवळ बाजूच नाही.'

त्याने फाटक ओढून घेतले. मग 'दगड बाकी छान कोरलाय,' असे म्हणून गेला.

घरी आल्यावर तेच वाक्य अकेनेसेला सांगितले — तिच्याजवळ बाजूच नाही. तिच्या हातातली माळ खाली पडली.

शनिवार, २३ सप्टेंबर. पहाट

थोडक्यात लिहितो. अकेनेसे दारात उभी आहे.

काल रात्री तिने सांगितले: शंखाची परवानगी तिनेच दिली होती. मी आपियाच्या इस्पितळात नळ्या लावून पडलो होतो. आठवडाच उरला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. फुआतिनोने सिडनीहून विचारले, शंख नाचाच्या गाण्यात घेऊ का? 'घे म्हटलं,' अकेनेसे म्हणाली. 'भजनात घातलास तर आम्ही म्हातारेच ऐकणार. नाचात घाल, तिथे पोरं आहेत. पन्नास वर्षं ज्या श्वासाशेजारी झोपले, तो मातीत जाऊ द्यायचा नव्हता मला.' मग मी वाचलो, आणि मला सांगायचे राहून गेले. सभा झाल्यावर ती सांगायला निघाली होती. त्या मुलीनेच थांबवले: 'नको काकू. गुरुजी सभेत बोलून बसलेत. त्यांना शब्द गिळायला लावू नका.'

मुलिआंगाकडे निरोप धाडला — शब्द मी गिळतो; दंड मला करा; ती आज गावात येते आहे.

आता पुलापलीकडे फुआतिनोच्या मावशीच्या अंगणात क्षमा मागायला जायचे. डोक्यावर बारीक विणीची चटई पांघरून खाली बसायचे, आणि ज्याचा अपराध केला त्याने ती उचलीपर्यंत उठायचे नाही. इतरांना मी कितीदा बसवले! चटई अकेनेसेच्या लग्नातली आहे. 'मोठी आहे,' ती म्हणते. 'दोघं मावू. उठा.'

ही पाने जो कोणी कधी वाचील त्याच्यावर प्रभूची कृपा राहो, त्याच्या घरी शांती नांदो, आणि त्याची चटई उचलायला कोणी ना कोणी येवो. आमेन.